वास : नाही

१ मार्च, सोमवार

पोचले एकदाची. बस थांबायच्या आधीच खिडकीतून धाकटी दिसली. टाचा उंचावून मला शोधत होती. पन्नाशीला टेकली, तरी हिच्या टाचा अजून जमिनीला टेकत नाहीत. माझी बॅग तिने हातातून ओढूनच घेतली आणि विचारलं की ताई, दगड भरून आणलेस का. दगड नव्हते. पुस्तकं होती, आणि माझी स्वतःची ब्यूरेट, मऊ टॉवेलात बाळासारखी गुंडाळलेली. तीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिच्याबरोबर काढली, ती मागे कशी ठेवणार?

धाकटीचं घर केंद्राच्या आवारातच आहे. दोन खोल्या, लहानसं स्वयंपाकघर आणि समुद्राकडे उघडणारी खिडकी. गावाचं सगळं सांडपाणी इथे येतं, टाक्यांमधून फिरून स्वच्छ होतं आणि दीड किलोमीटर लांबीच्या नळातून समुद्राच्या पोटात सोडलं जातं. या साऱ्याची प्रमुख माझी धाकटी. फाटकावरचा पहारेकरी तिला सलाम ठोकतो तेव्हा मला उगाचच घसा खाकरावासा वाटतो.

तिला केमिस्ट हवी होती आणि निवृत्त झाल्यापासून मला घर खायला उठत होतं. दोघींचं काम झालं. माझ्या खोलीत तिने नवी चादर घातली आहे, उशाशी दिवा ठेवला आहे आणि दिव्याखाली ही वही. लाल फितीची. शाळेतल्या मदर म्हणायच्या की दिवसाच्या आतच दिवस लिहून टाकावा, उद्या त्याचा रंग बदलतो. धाकटीच्या ते लक्षात होतं.

आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती आणि मी पंधराची. आज तिने मला वाढलं. मी नुसती बसून होते.

२ मार्च, मंगळवार

आज मिस्त्रींनी केंद्र दाखवलं. पंपांचा सगळा कारभार त्यांच्याकडे. साठीचे असतील. बोलतात कमी, पण बोलले की कोपरखळी असतेच. आधी जाळ्या, जिथे चिंध्या, पिशव्या, एकदा म्हणे कवळीसुद्धा अडकली होती. मग निवळण टाकी. मग हवेची टाकी, जिथे मोठे ब्लोअर पाण्यात हवा मारतात आणि त्या हवेवर जगणारे जंतू घाण खाऊन टाकतात. मग क्लोरीन. मग शेवटची टाकी, आणि तिथून समुद्र.

वास आहे. नासक्या अंड्यांचा, घशात बसणारा. मी पदर नाकाला लावला तर मिस्त्री म्हणाले की इथे नाकाने कांदे सोलणाऱ्यांचं काम नाही, आठ दिवसांत नाक रुळेल. गावातल्यांना तर वास येतच नाही म्हणे. त्यांची नाकं केव्हाच रुळली.

शेवटच्या टाकीचा नमुना घ्यायचा नळ जमिनीखालच्या एका खोलीत आहे. चौदा पायऱ्या, वर लोखंडी झाकण. हवा खेचणाऱ्या पंख्याचं बटण वर, झाकणाबाहेर. खाली भिंतीवर वायूची धोक्याची घंटा आहे, पण तिच्या पेटीत सेल नव्हते. मी विचारलं, तर ते ऑफिसच्या घड्याळात गेल्याचं कळलं. मी हसले. मिस्त्री हसले नाहीत. एकच वाक्य बोलले, ते जसंच्या तसं लिहिते.

“वास येतोय तोवर घाबरू नका, बाई. वास गेला की पळा. हा वायू आधी नाक मारतो, मग माणूस.”

४ मार्च, गुरुवार

प्रयोगशाळा लावून झाली. काचेचं सामान तीन पाण्यांनी धुतलं. येणाऱ्या पाण्याचा नमुना घेतला आणि मिस्त्रींना वर पंख्यापाशी उभं करून खालून जाणाऱ्या पाण्याचाही घेतला. प्राणवायूची चाचणी पाच दिवसांची असते. पाण्यात जितकी घाण, तितका प्राणवायू ती खाते. बाटल्या उबदार पेटीत निजवल्या. नऊ तारखेला उठवीन.

दुपारी कारकून माझी लेबलं बघून हसत सुटला. म्हणाला की मोठ्या बाईंचं आणि साहेबांचं अक्षर म्हणजे एकाच छापखान्यातलं. होणारच. धाकटीचा हात हातात धरून मीच तिला गिरवायला शिकवलं. मदरनी मला घोटवलेलं वळण मी तिच्या बोटांत घातलं. फरक एकच राहिला. तिचा पूर्णविराम. पेन्सिल अशी टोचायची की कागद भोसकून निघायचा. तिच्या वहीचं पान उलटं करून बोट फिरवलं की काटे लागायचे.

तिची हवामानाची वहीही आज आठवली. चौथीत होती. रोज आकाश बघायचं आणि चौकटीत सूर्य, ढग किंवा पाऊस काढायचा, महिन्याच्या शेवटी पालकांची सही. या बयेने पहिल्याच दिवशी महिन्याभराच्या तीसही चौकटी भरून टाकल्या! वर पुन्हा, कोरड्या महिन्यात सतरा तारखेला पाऊस काढला, म्हणे नुसते सूर्य खोटे वाटतात. मी रागावले, पण तिचा चेहरा बघून खाली सही केली. आणि सतरा तारखेला खरंच पाऊस पडला. मी तेव्हा म्हटलं होतं की काळी जीभ ऐकली होती, काळी पेन्सिल पहिल्यांदाच बघते. तिला ते इतकं आवडलं की आठवडाभर सगळ्यांना सांगत होती.

६ मार्च, शनिवार

कपाटात आधीच्या केमिस्ट बाईंचा पांढरा कोट होता. मला बाह्या जरा तोकड्या होतात, पण चालेल. खिशात चष्मा निघाला. जाड भिंगांचा, एका काडीला दोरा बांधलेला.

जेवताना धाकटीला विचारलं. त्या बाई नोव्हेंबरात राजीनामा देऊन मुलीकडे गेल्या म्हणाली. मी म्हटलं, चष्मा विसरून? इतका जाड चष्मा लागणारं माणूस फाटकापर्यंत तरी जाईल का? ती म्हणाली की ताई, तुझं डोकं म्हणजे अगदी प्रयोगशाळा आहे. आणि मला भाजी वाढली.

समुद्र आज फार सुंदर दिसत होता. मुलं पाण्यात खेळत होती. त्यांच्या आया वाळूत बसून विणत होत्या. नळ जिथे उघडतो तिथे पाण्यावर एक फिकट पट्टा दिसतो. मला वाटतं, उन्हाचा असेल.

९ मार्च, मंगळवार

बाटल्या उठवल्या. माझंच काहीतरी चुकलं असणार, म्हणून हिशेब तीनदा केला.

येणारं पाणी जितकं घाण, जाणारंही जवळजवळ तितकंच. म्हणजे मधल्या टाक्या केवळ शोभेच्या. जे येतं, तेच जातं, थोडं क्लोरीन शिंपडून. वर सुगंधी पाणी मारावं तसं.

हवेच्या टाकीवर जाऊन उभी राहिले. चारपैकी एकच ब्लोअर चालू. मिस्त्रींना विचारलं, तर ते फडक्याला हात पुसत राहिले. शेवटी म्हणाले की बाकीच्यांपैकी दोन ब्लोअर तपासणीचे पाहुणे आले की चालतात. चौथा पाहुण्यांसाठीही उठत नाही.

धाकटीला आकडे दाखवले. तिने चष्मा कपाळावर सरकवून वाचले आणि म्हणाली की उपकरणं जुनी आहेत, पुन्हा कर. प्रेमानेच म्हणाली. उद्या नवे नमुने घेते.

१० मार्च, बुधवार

नवे नमुने लावले. नोंद करायला रोजचं रजिस्टर मागितलं तर कारकून म्हणाला की ते साहेबांच्या कपाटात असतं. धाकटी बाहेर गेली होती, किल्ली कपाटालाच होती. काढलं.

मार्च महिना. रंग : नाही. वास : नाही. गाळ : नगण्य. प्राणवायूची मागणी : मर्यादेत. शेरा : पाणी समुद्रात सोडण्यास योग्य. आणि शेवटच्या रकान्यात माझी सही. माझं वळण, माझा उकार, माझी खालची रेघ. एक तारखेलाही सही आहे. मी तेव्हा बसमध्ये होते.

आज दहा. सह्या एकोणीस तारखेपर्यंत आहेत.

पान उलटं करून बोट फिरवलं. काटे लागले.

वीस तारखेपासून आकडे तेच, तितकेच सुबक. फक्त सहीच्या रकान्यात आडवी रेघ आहे, महिन्याच्या शेवटापर्यंत.

१२ मार्च, शुक्रवार

काल दिवसभर बोलायचा धीर झाला नाही. आज सकाळी बोलले.

तिने नाकारलं नाही. चहा हलवत शांतपणे सांगितलं. ब्लोअर दुरुस्त करायला केंद्र चार महिने बंद ठेवावं लागेल. बंद ठेवलं तर इतकी वर्षं ते कसं चालवलं, हे विचारलं जाईल. तिची नोकरी जाईल, कदाचित तुरुंग. एकोणीसला परवान्याचा तपासनीस येणार आहे, त्याला पदवी असलेल्या केमिस्टची सही आणि ती सही करणारी बाई, दोन्ही समोर दिसायला हवीत. म्हणून एकोणीसपर्यंतच भरलं, पुढचं तू भर, असं म्हणाली.

म्हणजे मला घर खायला उठत होतं म्हणून नाही. सहीला हात हवा होता, म्हणून मला बोलावलं.

मी म्हटलं की समुद्रात मुलं खेळतात. ती म्हणाली की समुद्र मोठा आहे. मी म्हटलं, मी सही करणार नाही आणि तपासनीसाला खरे आकडे देणार. तेव्हा तिने कप खाली ठेवला.

“ताई, हवामानाच्या वहीवर केलीस. तेव्हा केलीस, मग आता का नाही?”

  चौथीतल्या मुलीच्या तीस चौकटी होत्या गं त्या.

१४ मार्च, रविवार

मिस्त्रींना पंपघरात एकट्याने गाठलं. चष्मा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी काडीचा दोरा अंगठ्याने चाचपला. दोरा त्यांनीच बांधून दिला होता.

बाई नोव्हेंबरच्या तेवीस तारखेला खाली नमुना घ्यायला उतरल्या. दोन दिवस आधीच साहेबांशी त्यांचं मोठं भांडण झालं होतं. मिस्त्री त्या दिवशी सुट्टीवर होते. साहेबांनीच आग्रहाने दिली होती सुट्टी. परत आले तर टेबलावर राजीनामा होता, आणि बाई गेल्या म्हणून सांगितलं. कुणी त्यांना फाटकातून जाताना पाहिलं नव्हतं. शेवटच्या टाकीतून पुढे फक्त समुद्राकडचा नळ आहे, मिस्त्री म्हणाले. माणूस जाईल इतका रुंद.

मी त्यांना विचारलं, तुम्ही बोलला का नाहीत? म्हणाले, बाई, या वयात मला दुसरीकडे कोण ठेवणार? आणि मग, माझ्याकडे न बघता, की माझंही नाक रुळलं.

नोव्हेंबरचं रजिस्टर जुन्या गठ्ठ्यात मिळालं. त्या बाईंच्या सह्या तेविसापर्यंत. पुढे आडवी रेघ. सगळा महिना एका बैठकीत, एकाच शाईने भरलेला. राजीनामाही त्याच गठ्ठ्यात होता. मागून बोट फिरवलं.

मी शिकवलेलं अक्षर. माझ्याच हाताने.

१५ मार्च, सोमवार

दुसऱ्या बाटल्या उठवल्या. आकडे तेच. एका कागदावर स्वच्छ उतरवले, दोन्ही दिवसांचे, माझी खरी सही करून. घडी घालून या वहीच्या मागच्या कप्प्यात ठेवला. तपासनीसाच्या हातात तो मीच देईन.

परत जावं का? पहाटेची बस आहे. पण गेले तर तिच्या रजिस्टरात माझ्या खोट्या सह्या तशाच राहतील, आणि समुद्रात ती मुलं. आणि हिला कोण सावरणार? तिला माझ्याशिवाय कोण आहे? मी तरी काय लिहिते आहे. जिची भीती वाटते, तिचीच काळजी.

चांगली शाळा, चांगलं वळण, सगळं दिलं हिला. कुठे कमी पडले?

१७ मार्च, बुधवार

डोकं दुखतंय. आज जिन्यावर वास आला नाही. दचकून खिडकीत गेले, तर तिथे येत होता. मग लक्षात आलं की जिना धुतला होता. आता हे असंच. दर थोड्या वेळाने मुद्दाम वास घेते. आला की बरं वाटतं. कोणी ऐकलं तर वेडी म्हणेल.

वहीची लाल फीत मी पंधरा तारखेच्या पानावर ठेवली होती. आज ती दहा तारखेच्या पानावर होती.

मागच्या कप्प्यातला कागद — आहे. आहे, पण घडी उलटी घातलेली.

तिने सगळं वाचलंय. वहीसुद्धा तिनेच दिली होती.

१८ मार्च, गुरुवार

दुपारी ती माझ्या खोलीत आली आणि मांडीवर डोकं ठेवून रडली. लहानपणी ताप आला की रडायची तशी, आवाज न करता. म्हणाली, थकले गं ताई. खोटं भरून भरून बोटं दुखतात. उद्या तपासनीसासमोर सगळं सांगून टाकू. आपण दोघी मिळून खालून एक खरा नमुना घेऊ, या केंद्राचा पहिला खरा नमुना. तू बरोबर असलीस तर मला भीती नाही.

तिच्या केसांत हात फिरवला. पांढरे झालेत. मला कधी दिसलेच नव्हते.

आधीच्या बाईंचं विचारलं. ती म्हणाली की तो अपघात होता, ती घाबरली, म्हणून राजीनामा लिहिला. अपघात. होऊ शकतो. सेल नव्हतेच पेटीत.

पण नोव्हेंबर महिना तर आधीच भरलेला, सह्या नेमक्या तेविसापर्यंत —

संध्याकाळी पंपघराला कुलूप होतं. मिस्त्री कुठे, विचारलं. कारकून म्हणाला, साहेबांनी त्यांना दोन दिवस सुट्टी दिली.

मला सगळं कळतं. मी मूर्ख नाही. पण ती रडली तेव्हा तिचं नाक लाल झालं होतं, चौथीतल्यासारखं. असं खोटं कुणाला रडता येतं? मी वाढवलंय तिला. मला कळलं नसतं?

उद्या जाईन तिच्याबरोबर.

१९ मार्च, शुक्रवार

खालच्या खोलीतून लिहिते, इथल्या दिव्याखाली. तपासनीसाचा कागद आत आहे म्हणून वही बरोबर आणली होती. कोटाच्या खिशात पेन्सिल होती. त्या बाईंची असेल.

सकाळी दहाला निघालो. लख्ख ऊन. पंख्याचं बटण तिने माझ्यासमोर दाबलं. म्हणाली, तू पुढे हो ताई, मी बाटल्या घेऊन आलेच. पायऱ्या उतरू लागले. बारावीवर असताना झाकण पडलं.

वाटलं, वाऱ्याने.

हाक मारली. ढकलून पाहिलं. माझ्याच्याने हलत नाही —

पंखा थांबला.

वर ती आहे. चालल्याचा आवाज येतो. डावा पाय किंचित ओढते ती, दोन वर्षांची असताना माझ्या कडेवरून पडली होती तेव्हापासून. ओळखते मी. फिरते आहे. थांबली. जात का नाही? जायचं तर जा ना —

नमुन्याचा नळ कुणीतरी पूर्ण उघडून ठेवलाय. बंद होत नाही, चाकच काढून नेलंय. काळं पाणी पायाशी. वास भयंकर. डोळ्यांतून पाणी. बरं आहे. वास आहे. वास येतोय तोवर —

रजिस्टर इथे टेबलावर आहे. तिनेच आणून ठेवलं असेल, तपासनीसासाठी. आजच्या रकान्यात शेरा नवा आहे. केमिस्ट बाई नमुना घेण्यासाठी एकट्या उतरल्या. वेळ, साडेअकरा. माझ्या अक्षरात.

आता घड्याळात दहा वीस.

काळी पेन्सिल गं तुझी. काळी पेन्सिल —

तिला वर ओरडून सांगितलं, की अजून वास येतोय. ऐकतेस ना, अजून येतोय. वास : आहे. लिही तसं. तेवढं एक खरं लिही. मी सही करते —

उत्तर नाही. पण ती हुंदके देते आहे. ऐकू येतं. नाही तर माझ्या कानात —

अक्षर वाकडं येतंय. मदर रागावतील.

डोकं हलकं झालं. घसा मोकळा. हवा बदलली. पंख्याचा आवाज नाही, पण कानच गुणगुणताहेत, त्यात कसा ऐकू येणार. सुरू केला असणार तिने. केलाच. म्हटलं होतं ना मी. माझी आहे ती, किती वेळ कठोर राहील. किती बरं वाटतंय. सगळं स्वच्छ, धुतल्यासारखं. धाकटे, बघ, आता कसलाच वास ये